लहान प्रतिकृती-रेल्वेवर बिअरचा कारखाना

टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेचे एक दुखणे फार जुने आहे. रूळ बसतात, वीज खेळू लागते, इंजिन धावते, आणि महिनाभरात चालविणाऱ्याचे मन तिच्यावरून उडते. गाडी फिरत असते खरी, पण तिला कोठे पोहोचावयाचे नसते. खऱ्या लोहमार्गावर मालगाडी सुटते ती कोणाला तरी काही हवे असते म्हणून. ही गरजच टेबलावर नसेल, तर उत्तमांतले उत्तम इंजिनही किल्लीच्या खेळण्यापलीकडे जात नाही.

छांदिष्टांना हे लवकरच उमगते आणि ते कारखाने मांडू लागतात. परंतु सहा फुटांच्या फळीवर लाकडाची वखार, दुग्धालय, तेलाची टाकी, सिमेंटचे गोदाम अशी पाच-सहा ठिकाणे उभी केली, की प्रत्येकाच्या वाट्याला वीतभर सायडिंग आणि एखादी वाघीण येते. जत्रेतील दुकानांच्या रांगेसारखे ते दृश्य दिसते. जागा थोडी असेल तेव्हा कारखाना एकच घ्यावा. मात्र त्याला अनेक प्रकारचा माल लागत असावा व त्यातून अनेक प्रकारचा माल निघत असावा. या कसोटीला बिअरचा कारखाना जितका उतरतो तितके दुसरे फारसे काही उतरत नाही. पेल्यातील पेयाविषयी श्रोत्यांचे मत काहीही असो. येथे प्रश्न वाघिणींचा आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यातील बर्टन-अपॉन-ट्रेंट हे गाव. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्सम विपुल आहे व ते फिकट रंगाच्या बिअरला मानवते. १८२० नंतरच्या दशकात ऑलसॉप, बास इत्यादी तेथील उत्पादकांनी हिंदुस्थानातील युरोपीय वस्तीसाठी बिअर पाठविण्यास प्रारंभ केला. ‘इंडिया पेल एल’ या नावात त्या व्यापाराची खूण अद्याप टिकून आहे. १८३९ साली रेल्वे बर्टनला पोहोचली आणि गावाचे रूपच पालटले. पुढे कारखान्यांनी स्वतःचे रूळ घातले. एकट्या बास कंपनीचे खाजगी मार्ग सुमारे १६ मैल लांबीचे होते. हे रूळ भर रस्त्यांतून जात, त्यामुळे गावकऱ्यांना फाटकापाशी खोळंबून राहण्याची सवयच झाली होती. मिडलंड रेल्वेने १८६८ साली लंडनला सेंट पँक्रस स्थानक उघडले, तेव्हा फलाटांखालचे विस्तीर्ण तळघर बर्टनच्या बिअरसाठी राखलेले होते. विल्यम बार्लो या अभियंत्याने तेथील लोखंडी खांबांमधील अंतर पिंपांच्या मापावरून ठरविले. ते १४ फूट ८ इंच होते. राजधानीतील एवढ्या मोठ्या वास्तूचे गणित पिंपाने ठरवावे, यावरून या वाहतुकीचा व्याप ध्यानात येतो. त्या तळघरातून २००७ पासून युरोपकडे जाणाऱ्या गाड्यांचे उतारू ये-जा करतात. बर्टनच्या कारखान्यांची रेल्वे मालमोटारींपुढे टिकली नाही व १९६० च्या दशकात ती बंद पडली. कोणता माल कोणत्या क्रमाने हलत असे हे आता डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर प्रतिकृती करूनच पाहावे लागते.

म्हणून इमारतीच्या विटा रंगविण्यापूर्वी मालाचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. सातू भिजवून, त्यांना मोड आणून, ते भट्टीत वाळविले म्हणजे माल्ट तयार होते. सातू आणि माल्ट पोत्यांतून, बंद वाघिणींत किंवा ताडपत्री घातलेल्या उघड्या वाघिणींत येत. केंट आणि वुस्टरशर या भागांतून हॉप्सची वाळलेली फुले लांब पोत्यांत दाबून भरलेली येत. भट्ट्यांसाठी व बॉयलरसाठी कोळसा लागे, पिंपे घडविणाऱ्या कारागिरांसाठी ओक वृक्षाचे लाकूड. बाहेर जाई ती भरलेली पिंपे. परंतु तेवढ्याने भागत नसे. माल्टचा अर्क काढून घेतल्यावर राहणारा ओला चोथा गुराढोरांच्या खाद्यासाठी जाई, आणि तो लवकर आंबत असल्यामुळे त्याला थांबवून ठेवता येत नसे. यीस्टचेही तसेच. ते इतके उरे की १९०२ साली त्याच्यापासून ‘मार्माइट’ हा खाद्यपदार्थ तयार करणारी कंपनी बर्टनमध्येच स्थापन झाली.

या यादीत एक गोष्ट प्रतिकृतिकाराच्या विशेष सोयीची आहे. पिंपे परत येत. भरून गेलेले पिंप रिकामे होऊन पुन्हा कारखान्यात दाखल होई, म्हणजे वाघीण दोन्ही दिशांना भरलेलीच धावे. कोळशाची वाघीण टेबलावर नेहमी अडचणीत टाकते. ती कारखान्यात भरलेली शिरते आणि भरलेलीच बाहेर पडते, हे दृश्य लहान मुलालाही खटकते. त्यावर उपाय म्हणून पुठ्ठ्यावर कोळशाची भुकटी चिकटवून, खाली लोखंडाची चकती लावून, तो ढीग चुंबकाने उचलता येईल असा करावा लागतो. लाकडी पिंप मात्र भरलेले असो वा रिकामे, बाहेरून सारखेच दिसते. तीच वाघीण सकाळी रिकामी पिंपे घेऊन येते व सायंकाळी भरलेली घेऊन जाते, यात पाहणाऱ्याची कोठेही फसवणूक होत नाही.

आता जागेविषयी. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या ‘डबल ओ’ प्रमाणात, म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर या मापात, जुन्या चारचाकी मालवाघिणीचा सांगाडा सात सेंटिमीटरांचा होतो. बफर व जोडणी धरून आठ सेंटिमीटर. पिंप जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचे. कारखान्यांतली इंजिनेही लहान, चार चाकांची व पाठीवर पाण्याची टाकी असलेली असत, कारण गल्लीबोळांतील वळणे फार तीव्र होती. घरगुती टेबलावरील अतितीव्र वळणे एरवी खोटी वाटतात. येथे ती खऱ्याच्या जवळ जातात.

रुळांच्या रचनेसाठी ॲलन राइट या ब्रिटिश छांदिष्टाने लोकप्रिय केलेले ‘इंगलनुक’ कोडे उपयोगी पडते. त्यात दोन सांधे आणि तीन मार्ग असतात. एका मार्गावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन, आणि पुढच्या टोकाला इंजिनासह तीन वाघिणींपुरतीच जागा असते. आठ वाघिणींतून ठरलेल्या क्रमाने पाचांची गाडी जुळवावयाची. असे क्रम ६,७२० होतात, आणि हे सारे चार फुटांच्या फळीवर बसते. कोड्यात हा क्रम चिठ्ठ्या काढून ठरवितात. कारखाना आला की चिठ्ठ्यांची गरज राहत नाही. लांब मार्ग पिंपांच्या मालधक्क्याला द्यावा, एक आखूड मार्ग माल्ट व हॉप्सला, दुसरा कोळसा व चोथ्याला. मग कोणती वाघीण आधी हलवावी याला कारण मिळते, आणि खेळात कामाची गोडी येते.

इमारत शेवटी येते, यात तिचा अपमान नाही. असा कारखाना आडवा पसरण्यापेक्षा उभा वाढलेला असे. माल्ट यंत्राने वर चढवीत आणि पुढचे बरेचसे काम उतरत्या क्रमाने खालच्या मजल्यांवर होई. साठ फूट उंचीची इमारत या मापात चोवीस सेंटिमीटरांची होते आणि फळीच्या मागच्या कडेला पाच सेंटिमीटर जाडीची दर्शनी भिंत उभी केली तरी पुरते. तांबड्या विटा, धुराडे, पाण्याची टाकी एवढे पुरे. हौशी मंडळी तांब्याची कढईसुद्धा खिडकीतून दिसेल अशी बसवितात. ते श्रम मालधक्क्यावरील पिंपांना दिले तर अधिक शोभतील. भारतातील मार्गाचीच प्रतिकृती करावयाची असेल तर १९०३ साली सुरू झालेल्या कालका-सिमला मार्गावर ‘सोलन ब्रुअरी’ नावाचे स्थानकच आहे. मात्र त्या मार्गाची रुंदी ७६२ मिलिमीटर असल्याने वरील मापे तेथे लागू होत नाहीत.

दिवसाचे काम असे लावता येते. पडद्यामागील यार्ड हेच लंडन समजावे. सकाळी तेथून रिकाम्या पिंपांच्या तीन वाघिणी, कोळशाची एक आणि माल्टची एक येते. रस्त्यावरचे फाटक लावून त्या एकेक करून आत घ्याव्यात. पण कोळशाच्या मार्गावर कालची चोथ्याची वाघीण उभी असते. ती आधी बाहेर काढावी लागते, आणि बाहेर काढून ठेवावी तर टोकाला तीनच वाघिणींची जागा. येथे अर्धा तास सहज जातो. दुपारी पिंपे ‘भरली’ असे मानून सायंकाळची गाडी जुळवावी. चोथा त्याच गाडीने गेला पाहिजे. कोळशाची रिकामी वाघीण दुसऱ्या दिवसापर्यंत उभी राहिली तरी चालते.