मोटारीचे वंगण : साधे की सिंथेटिक?



बैलगाडीच्या दिवसांत गाडीखाली वंगणाचा नळा लोंबत असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान खाली उतरे, आखाला एरंडेलाचे वंगण चोपडी आणि बैलांना पुन्हा हाक देई. चाक स्वतःच तक्रार करी, त्यामुळे चूक लगेच ध्यानात येई. मोटारीच्या इंजिनाची रीत उलटी. ते मुकाट्याने सोसते, आणि ज्या दिवशी आवाज करते त्या दिवशी बहुधा वेळ निघून गेलेली असते. म्हणून गॅरेजात मिस्त्री जेव्हा विचारतो, “सर, साधं ऑईल टाकू का सिंथेटिक?” तेव्हा उत्तर जरा विचार करून द्यायला हवे.

आपल्या मुलखाला इंजिन काही नवे नाही. किर्लोस्करवाडी वसली ती 1910 साली, औंध संस्थानच्या माळरानावर. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने तयार होत. हे कूपर म्हणजे 1937 साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले तेच. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. कृष्णाकाठच्या कितीतरी मळ्यांत विहिरीवरच्या इंजिनाच्या ठोक्यावर माणसे वेळ ओळखत, आणि त्या इंजिनात तेल किती, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे.

इंजिनातले तेल नुसते घर्षण कमी करत नाही. ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, काजळी धरून ठेवते, रिंगा आणि सिलिंडर यांच्यातली फट बुजवते. तेल काळे पडले म्हणजे ते वाईट, असे आपण समजतो. पुष्कळदा अर्थ उलटा असतो : तेल आपले धुण्याचे काम करीत आहे. डिझेल गाडीत तर नवे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आता साधे आणि सिंथेटिक यांत फरक काय? साधे तेल खनिज तेलापासून गाळून काढतात. ते खळ्यावरच्या ज्वारीसारखे समजा. कितीही उफणली तरी लहानमोठा दाणा एकत्र राहतोच. तेलातले हलके कण उष्णतेने उडून जातात, मेणासारखे जड कण थंडीत गोठू पाहतात. सिंथेटिक तेलाचे कण रसायनशाळेत जुळवून, जवळजवळ एकाच मापाचे केलेले असतात. त्यामुळे ते थंडीत वाहते, उन्हात फार पातळ होत नाही आणि उशिरा खराब होते. ‘कृत्रिम’ या शब्दाने मात्र आपली फसगत होते. तुपाच्या जागी डालडा आला तसा हा प्रकार असावा, असे वाटते. इथे मामला तसा नाही. एक गोष्ट मात्र खरी, की डब्यावर सिंथेटिक लिहिलेले सगळे तेल एका जातीचे नसते. खनिज तेलावरच हायड्रोजनची भारी प्रक्रिया करून केलेले तेलही आज त्याच नावाने विकले जाते. वाईट नसते, पण नावापेक्षा डब्यावरचे आकडे वाचावेत.

ते आकडे असे : 20डब्ल्यू-40, 15डब्ल्यू-40, 5डब्ल्यू-30. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर पळते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरच्या दाटपणाचा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी एखाद्या हिवाळ्यात येते, पण सांगली-मिरजेत कडाक्याची थंडी ती केवढी! तेव्हा सिंथेटिकचा जो गुण रशियात किंवा कॅनडात लाखमोलाचा, त्याचा आपल्याला उपयोग थोडाच. आपल्याकडे गाडीला छळतात ती मे महिन्याचे ऊन, घाटाचा चढ, वाजवीपेक्षा जास्त भार आणि ऊसतोडीच्या हंगामातली पाणंदीची धूळ. उन्हात व चढावर सिंथेटिक नक्कीच टिकाव धरते. धुळीपुढे मात्र कोणतेच तेल शहाणे नाही. तिथे एअर फिल्टर साफ पाहिजे.

माझ्या एका मावसभावाची गोष्ट सांगतो. त्याची हळद वाहायची पिकअप, दहा-बारा वर्षे राबलेली. कोणीतरी सांगितले, “सिंथेटिक टाक, पंधरा हजार किलोमीटर बघायचं काम नाही.” त्याने टाकले. गाडी हलकी चालते म्हणून खूष होता. पण इंजिनाच्या रिंगा झिजलेल्या, ते मुळातच तेल खात होते. पूर्वी दर पाच हजारांना तेल बदलायचे, तेव्हा ती तूट आपोआप भरून निघे. आता कोणी पट्टी काढून पाहीना. पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढावर तेलाचा लाल दिवा लागला. वर जाऊन थांबू, असे त्याने म्हटले. वर जाणे झालेच नाही, इंजिन धरले. क्रँक, बेअरिंग, सगळे काम निघाले, आणि ऐन हंगामात दीड महिना गाडी उभी राहिली. थोरल्या मुलीची कॉलेजची फी त्या वर्षी उसनवारीने भरावी लागली. घरात दोष सिंथेटिक तेलाला मिळाला. माझ्या मते दोष तेलाचा नव्हता, ‘बघायचं काम नाही’ या तीन शब्दांचा होता.

तो लाल दिवा लागला की गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे. शंभर पावलेसुद्धा पुढे न्यायची नाही.

मग जुन्या गाडीत सिंथेटिक घालूच नये का? इंजिन सुस्थितीत असेल, तेल खात नसेल, तर खुशाल घालावे. एकदा घातले की साध्यावर परत येता येत नाही, ही समजूत खोटी आहे. दोन्ही तेले एकमेकांत मिसळतात. वाटेत अडचण आली तर त्याच दर्जाचे साधे तेल वरून घालायला हरकत नाही. गळती लागते, या बोलण्यात मात्र थोडे तथ्य आहे. जुनी सिले कडक झालेली असतात, फटीत गाळ बसलेला असतो. तेलाने तो धुऊन काढला की झाकलेली गळती उघडी पडते. म्हणून बदलल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडीखाली जमिनीवर डाग पडतो का, ते पाहावे. तेलाबरोबर फिल्टरही नवा घालावा. उलट, टर्बो असलेल्या नव्या गाडीत पैसे वाचवायला साधे तेल घालू नका. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्या तापात हलके तेल करपते. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांना तर धुराच्या गाळणीसाठी कमी राखेचे तेल लागते. गाडीच्या पुस्तिकेत दर्जा छापलेला असतो, तोच डब्यावर शोधावा.

मोटारसायकलवाल्या शिक्षकबंधूंसाठी एक वेगळी सूचना. बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीचे निसरडे तेल त्यात घातले तर क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिले आहे का, ते पाहून घ्या.

पट्टी पाहायची ती गाडी सपाट जागी उभी करून, सकाळी इंजिन थंड असताना. पट्टी एकदा पुसून पुन्हा बुडवायची. दोन खुणांच्या मध्ये तेल हवे. वरच्या खुणेच्या वर भरणेही तितकेच वाईट, फेस होतो.

राहिले काढलेले जुने तेल. ते गोठ्याच्या मेढींना नाहीतर फाटकाला फासायची आपली चाल आहे. हाताला लागून ते कातडीला अपाय करते, आणि ओढ्यात ओतले तर विहिरीपर्यंत पोचते. ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडेच द्यावे. परवाना असलेले कारखाने ते गोळा करून पुन्हा शुद्ध करतात.