अनवाणी धावणे : शास्त्र, समज आणि सबुरी

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत, बेळगाव येथे दिलेले व्याख्यान)



कथा, कविता, नाटक, सीमाभागातील भाषाजीवन अशा विषयांच्या मालिकेत 'धावणे' हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. तो मराठीच्या अध्यापकाने घ्यावा याचे तर अधिकच. मी वैद्य नाही, क्रीडाशिक्षकही नाही. परंतु गेल्या दीड दशकात बूट काढून किंवा अगदी पातळ तळव्याचे बूट घालून धावण्याचे जे वेड जगभर पसरले, त्याला फार मोठ्या प्रमाणात एक पुस्तक कारणीभूत झाले. पुस्तकाने माणसांना वेड लावावे, ही गोष्ट वाचनालयाच्या अखत्यारीतलीच आहे. म्हणून एक वाचक या नात्याने मी आपल्यापुढे उभा आहे.

ते पुस्तक म्हणजे ख्रिस्तोफर मॅकडूगल या अमेरिकन पत्रकाराचे 'बॉर्न टू रन'. ते २००९ साली प्रसिद्ध झाले. धावताना पाय वारंवार दुखावणारा हा गृहस्थ मेक्सिकोतील कॉपर कॅन्यन या दुर्गम दऱ्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या रारामुरी लोकांपर्यंत पोहोचला. हे लोक टायरच्या रबराचे तुकडे दोऱ्यांनी पायाला बांधून डोंगरवाटांनी मैलोगणती धावतात. मग भरपूर गादी असलेले महागडे बूट घालणाऱ्या शहरी माणसाचेच पाय का दुखावतात, असा प्रश्न त्याने विचारला. माणूस धावण्यासाठीच घडलेला आहे आणि आधुनिक बुटांनी त्याचे पाय दुबळे केले, असे त्याचे उत्तर होते. कथन इतके रंगतदार, की वाचून झाल्यावर अनेकांनी बूट कोपऱ्यात फेकले आणि दुसऱ्याच दिवशी रस्ता गाठला. त्यांतील कित्येकांना पुढचे काही महिने लंगडत काढावे लागले. असे का झाले, हे समजून घेणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

अनवाणी धावणे आपल्याला परके नाही. जासूद आणि हरकारे पायांच्या बळावर पत्रे पोहोचवीत असत. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात वेळापूरजवळ 'धावा' होतो. पंढरी जवळ आल्याच्या आनंदात हजारो वारकरी उतारावरून धावत सुटतात आणि त्यांत अनवाणी पाय पुष्कळ असतात. आणि आपल्या बेळगावला तर या विषयात मानाचे स्थान आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत शेतकरी वर्गातील मुले अनवाणी पायांनी धावत होती. त्यांच्या वेळा युरोपातील वेळांच्या आसपास जातात, हे जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या नजरेस आले. त्यांनी पुढे एका पत्रात ही आठवण नमूद केली आहे. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय संघ पाठवण्याची कल्पना पुढे आली. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या मॅरेथॉनहून अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त लांब होती. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. ज्या काळात आपल्याकडे शास्त्रोक्त प्रशिक्षणाचा मागमूस नव्हता, त्या काळातील हा पराक्रम आहे.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. त्या मुलांचे अनवाणीपण हे तत्त्वज्ञान नव्हते. ती परिस्थिती होती. वहाण परवडत नाही म्हणून जो अनवाणी चालला, त्याच्या पायांत काटे मोडले, भेगा पडल्या, जखमा चिघळल्या. ज्यांना बूट सहज घेता येतात त्यांनी हौसेने ते काढावेत आणि त्याला निसर्गाकडे परतणे म्हणावे, यात थोडी विसंगती आहे. ती ध्यानात ठेवूनच पुढे जाऊ.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. २००४ साली डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लिबरमन या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात असे प्रतिपादन केले, की दीर्घ अंतर धावण्याची क्षमता मानवाच्या उत्क्रांतीत महत्त्वाची ठरली. टाचेमागची लांब कंडरा, तळपायाची लवचीक कमान, धावताना तोल सांभाळणारे नितंबाचे मोठे स्नायू आणि घामाने अंग थंड ठेवण्याची सोय या साऱ्यांचा त्यांनी दाखला दिला. आपल्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे आहेत. पाय टेकताना कमान किंचित दबते, कंडरा ताणली जाते आणि पाय उचलताना त्यांत साठलेली शक्ती परत मिळते. धनुष्याची दोरी ओढून सोडावी, तसा हा व्यवहार आहे.

लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दुसरा निबंध २०१० साली आला. बूट घालून धावणारा माणूस बहुधा टाच आधी टेकतो. त्या क्षणी जमिनीकडून एक तीव्र हादरा पायात शिरतो, पण बुटाची गादी तो बोथट करते, म्हणून तो जाणवत नाही. लहानपणापासून अनवाणी धावणारे मात्र बहुधा पावलाचा पुढचा किंवा मधला भाग आधी टेकतात. त्यामुळे तो पहिला हादरा जवळजवळ नाहीसा होतो. अनवाणी पायाने डांबरी रस्त्यावर टाच आपटून धावून पाहिले, तर दहा पावलांतच याचे कारण कळते. तळपाय स्वतःच आपल्याला शिकवतो.

अनवाणी धावण्याच्या पुरस्कर्त्यांना एवढा आधार पुरेसा वाटला. परंतु चांगला वाचक एका प्रकरणावर थांबत नाही. २०१३ साली उत्तर केनियातील दासानाच या जमातीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक जन्मापासून अनवाणी चालतात. तरीही आपल्या सवयीच्या वेगाने धावताना त्यांतील बहुसंख्य लोक टाच आधी टेकतात, असे दिसून आले. म्हणजे अनवाणी माणसाची धाव सर्वत्र एकच नसते. वेग, जमीन आणि सवय यांप्रमाणे ती बदलते. त्याच वर्षी अमेरिकेत आणखी एक अभ्यास झाला. नेहमीच्या बुटांतून पातळ तळव्याच्या बुटांकडे दहा आठवड्यांत वळणाऱ्या धावपटूंच्या पायांचे एमआरआय काढले, तेव्हा अनेकांच्या पावलांतील हाडांच्या आत सूज आढळली. हाडाला बारीक चीर पडण्याच्या वाटेवरची ही खूण. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, बोटांच्या आकाराचे पातळ बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीने आरोग्यलाभाच्या दाव्यांवरून अमेरिकेत चाललेला खटला ३७ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटवला. लाट ओसरू लागली.

मग गादीचे बूट जिंकले काय? तसेही नाही. धावण्याच्या बुटांविषयी तोवर झालेले प्रयोग एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली आढावा प्रसिद्ध केला. कोणत्याही विशिष्ट प्रकारच्या बुटाने दुखापती टळतात, असे सांगण्यासारखा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. गादीचा बूट तारत नाही, आणि अनवाणी पायही तारत नाही.

इतिहासानेही हेच दाखवले होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकून त्याने जगाला थक्क केले. ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. १९६४ साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि रोमपेक्षा सुमारे तीन मिनिटे कमी वेळात. बूट काढल्याने तो मोठा झाला नाही आणि घातल्याने लहान झाला नाही. त्याची धाव त्याच्या अंगात होती.

तर मग मर्म कशात आहे? माझ्या वाचनातून मला जे उमगले ते असे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार पायावर येतो. पाऊल टेकण्याची पद्धत बदलली तरी हा भार नाहीसा होत नाही. तो फक्त जागा बदलतो. टाच आधी टेकली तर गुडघ्याला अधिक झीज सोसावी लागते. पुढचा भाग आधी टेकला तर गुडघा सुटतो, पण पोटरी, टाचेमागची कंडरा आणि बोटांमागची लांब हाडे यांच्यावर ओझे येते. रारामुरी माणसाने हे ओझे बालपणापासून थोडे थोडे उचललेले असते. आपण चाळीस-पन्नास वर्षे बुटांत ठेवलेल्या पायांवर ते एका रात्रीत लादतो. वारकरी उतारावरून धावतो तेव्हा त्याचे पाय कित्येक दिवसांच्या वाटचालीने तयार झालेले असतात, हेही आपण विसरतो.

या विवेचनाला हाँगकाँगमधील एका प्रयोगाने चांगला दुजोरा दिला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३२० नवशिके धावपटू होते. त्यांतील निम्म्यांना दोन आठवडे एवढेच शिकवले, की पाऊल हलके टेका, आपटू नका. बूट काढायला सांगितले नाही. पुढच्या वर्षभरात या गटातील १६ टक्के लोकांना दुखापती झाल्या. न शिकवलेल्या गटात हे प्रमाण ३८ टक्के होते. मात्र शिकवलेल्या गटात गुडघ्याच्या तक्रारी कमी झाल्या तरी टाचेमागच्या कंडरेच्या आणि पोटरीच्या तक्रारी तुलनेने अधिक आढळल्या. भार जागा बदलतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

आपल्या सभासदांत साठीच्या आसपासची मंडळी बरीच आहेत. 'या वयात धावले की गुडघे जातात' हे वाक्य मी अनेकांकडून ऐकतो. याबाबत २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले निष्कर्ष विचार करण्यासारखे आहेत. हौसेने, बेताने धावणाऱ्यांत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के होते, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांत ते १०.२ टक्के होते. स्पर्धेसाठी अतिरेकी धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्क्यांवर गेले. यावरून धावण्यानेच संधिवात टळतो असे म्हणता येणार नाही, कारण ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावायला जातच नाहीत. पण बेताच्या धावण्याने गुडघे झिजतातच, हा समज यापुढे उराशी धरण्याचे कारण उरत नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, ज्यांना मधुमेह आहे आणि पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी धावण्याचा विचारही करू नये. टोचलेला खडा कळला नाही तर लहान जखमेतून पाय गमावण्याची वेळ येते. हृदयविकार असलेल्यांनी आणि ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावण्याला सुरुवात करू नये. दुसरी, निरोगी माणसाने आधी धावू नये, चालावे. घरात अनवाणी वावरावे, बोटांवर उभे राहून टाचा सावकाश वरखाली कराव्यात, एका पायावर तोल सांभाळावा. काही आठवड्यांनी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानासारख्या मातीच्या, स्वच्छ जागी, उजेडात, दोन-चार मिनिटे अनवाणी धावून पाहावे. बाकीचे धावणे नेहमीच्या बुटांतच चालू द्यावे. अनवाणी मिनिटे आठवड्यागणिक अगदी थोडी वाढवावीत आणि दुसऱ्या दिवशी पोटरी दुखली तर विश्रांती घ्यावी. हाडावर एका जागी बोट ठेवताच कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टर गाठावा.

तिसरी गोष्ट बूट न काढताही करता येते. एका मिनिटात आपली पावले किती पडतात ते मोजावे आणि तोच वेग राखून ती शेकडा पाच ते दहाने वाढवावीत. पावले आपोआप आखूड होतात, पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघ्यावरचा ताण घटतो. चौथी गोष्ट कानाची. आपल्या पावलांचा आवाज ऐकावा. धप्‌धप् आवाज येत असेल तर पाय जमिनीशी भांडतो आहे असे समजावे. तो आवाज मंद होईल असे धावावे. याला पैसे पडत नाहीत. महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी भारी बूट परवडत नाहीत म्हणून मैदानापासून दूर राहतो, तेव्हा त्याला एवढेच सांगावेसे वाटते, की पायाला आरामशीर बसणारा साधा बूट पुरे आहे. उरलेले काम पावलाने शिकायचे आहे.

श्रोतेहो, 'बॉर्न टू रन' वाचू नका असे मी म्हणत नाही. जरूर वाचा, माणसाला आपल्या देहाविषयी आदर वाटावा असे बरेच काही त्यात आहे. फक्त ते मिटल्यावर त्याच्या शेजारचे दुसरे पुस्तकही काढा. शंभर वर्षे या वाचनालयाने आपल्याला दिलेली खरी सवय तीच आहे. एका ग्रंथाने भारावून जावे, दुसऱ्याने तो ताडून पाहावा, आणि मग स्वतःच्या बेताने पाऊल टाकावे. पायांच्या बाबतीतही घाई केली की दुखापत, आणि सबुरी धरली की धाव.