हुकूम आणि हालचाल



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या गुरुजींनी याच शाळेत विजेच्या स्पर्शाने आखडणारा बेडकाचा पाय दाखवून आम्हांला विचारले होते, "हुकूम कोणी दिला?" त्याचे उत्तर मला पुढे रुग्णाच्या उशाशी उमगले.

मेंदूचा विद्युत्-संदेश मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो. पण तो स्नायूला थेट शिवत नाही. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. संदेश पोचताच टोकात कॅल्शियम शिरते आणि ॲसिटिलकोलीन हे द्रव्य फटीत सुटते. ते पलीकडच्या ग्राहकांना चिकटले की स्नायुतंतूत नवी विद्युत्-लहर उठते, आत साठविलेले कॅल्शियम मोकळे होते, मायोसिनचे धागे ॲक्टिनच्या धाग्यांना ओढतात आणि स्नायू आखडतो. त्यासाठी लागणारी शक्ती एटीपी पुरविते. १९२९ मध्ये स्नायूंतील हे द्रव्य शोधून काढणाऱ्यांत भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे आपण विसरू नये.

मी नवशिका डॉक्टर असताना पहाटे एका शेतमजुराने आपल्या मुलीला उचलून आणले. रात्री जमिनीवर निजलेली असताना तिला मण्यार चावली होती. पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे, श्वास थांबत आलेला. "गेली हो," असे म्हणून बाप मटकन खाली बसला. नाडी मात्र चालू होती.

मण्यार सापाचे विष मज्जातंतूच्या टोकावरच घाला घालते. मेंदू हुकूम देतो, स्नायूही शाबूत असतो. निरोप तेवढा पोचत नाही. हृदय आपल्याच तालावर चालते, म्हणून ते थांबत नाही. प्रतिविष रक्तातील विष निकामी करते. परंतु दुखावलेली टोके सावरण्यास काही दिवस लागतात. तोवर श्वास आपण द्यावयाचा. आम्ही आळीपाळीने हाताने पिशवी दाबत राहिलो. पाचव्या दिवशी तिची पापणी हलली. बोलू लागल्यावर ती म्हणाली, "बाबा रडत होते, ते मला ऐकू येत होतं."

याच हैदराबादेत १८८८ व १८८९ मध्ये एडवर्ड लॉरी यांच्या क्लोरोफॉर्म आयोगांनी, श्वासावर नजर ठेवा, असे बजावले होते. हृदयाला धोका नाही, हे त्यांचे मत पुढे चुकीचे ठरले. श्वासाविषयीची ताकीद मात्र टिकली.

मित्रहो, निश्चल देह म्हणजे मृत देह नव्हे. सर्पदंश झालेल्याला मांत्रिकाकडे नेण्यात वेळ न दवडता रुग्णालयात न्या, आणि त्याच्या उशाशी बोलताना जपून बोला. तो ऐकत असतो.