फौजेतला बिनतारीवाला आणि हौशी रेडिओ

फौजेतून पेन्शन घेऊन आलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचं तर नावच अपशिंगे मिलिटरी असं पडलं आहे. यातले कितीतरी जण घरी येतात तेव्हा ऐन उमेदीत असतात. ड्रायव्हर असेल तो ट्रकवर लागतो, मोटार दुरुस्त करणारा गॅरेज काढतो. पण ज्यानं पंधरा-सतरा वर्षं कानाला हेडफोन लावून बिनतारी सेट चालवला, त्याच्या विद्येचं गावात काय होतं? बहुधा काहीच होत नाही. हळूहळू हात विसरतो, कान विसरतो. एवढ्या कष्टानं कमावलेली विद्या अशी वाया जाऊ नये. तिला एक चांगली वाट आहे, ती हौशी रेडिओची.

हौशी रेडिओ म्हणजे गाणी ऐकण्याचा रेडिओ नव्हे. सरकारचा परवाना घेऊन आपल्याच घरून बोलायचं आणि ऐकायचं, असं हे बिनतारी केंद्र. ते पगारासाठी नाही आणि धंद्यासाठीही नाही. शिकण्यासाठी, प्रयोगासाठी आणि दूरदूरच्या माणसांशी ओळख करण्यासाठी आहे. ते चालवणाऱ्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात.

या छंदाचं आणि फौजेचं नातं जुनं आहे. आपल्या सेनेचं सिग्नल दल १९११ साली उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, हौशी रेडिओवाल्यांची संस्था निघाली, ती महूच्या सिग्नल स्कूलमध्येच. पुढे तिचं ठाणं दिल्लीला गेलं आणि १९५४ साली तिला अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया हे नाव मिळालं. दुसरं महायुद्ध संपल्यावर सेनेचे जादा झालेले सेट देशोदेशी विक्रीला निघाले आणि हौशी मंडळींनी ते उचलले. रणगाड्यातला एकोणीस नंबरचा सेट २ ते ८ मेगाहर्ट्झवर चाले. हौशी लोकांचा चाळीस मीटरचा पट्टा ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच्या पोटातच. लढाईसाठी घडवलेलं यंत्र असं गप्पागोष्टींच्या कामी आलं.

आता फौजी माणूस काय घेऊन येतो ते पाहा. आधी ऐकायचं, मग बोलायचं, ही त्याची सवय. थोडक्यात आणि स्पष्ट बोलणं, अल्फा-ब्राव्हो-चार्ली ही अक्षरांची नावं, प्रत्येक संदेशाची वेळ टिपून ठेवणं, हे सारं इथेही तसंच लागतं. आणि मोर्स येत असेल तर सोन्याहून पिवळं! आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण ते ‘कट्ट कड कट्ट’ हौशी पट्ट्यांवर आजही रोज ऐकू येतं.

मात्र काही गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतात. पहिली ही, की फौजेत गुप्तता हा धर्म. इथे गुप्त बोलायलाच मनाई. सांकेतिक लिपी नाही, सारं उघड. क्यू टी एच म्हणजे ठिकाण, सेव्हन्टी थ्री म्हणजे शुभेच्छा, असे संकेत वापरतात खरे. पण त्यांचा अर्थ साऱ्या जगाला ठाऊक असतो. दुसरी ही, की फौजेत सेटचं नाव आज एक तर उद्या दुसरं. इथे सरकार तुम्हाला व्ही यू अक्षरांनी सुरू होणारं नाव देतं, ते तुमचं स्वतःचं. त्याच नावानं जग तुम्हाला ओळखतं. तिसरी ही, की तिथे सेट बिघडला की वर्कशॉपला धाडायचा. इथे कैया आपल्याच हातात घ्यायचा. आणि इथे हुद्दा नाही. पलीकडे कर्नल असो की शाळकरी पोर, दोघांनी सारख्याच अदबीनं बोलायचं.

सुरुवात कशी करायची? फौजेत सेट चालवला म्हणून घरी चालवता येतो असं नाही. परवान्यावाचून प्रक्षेपण करणं हा गुन्हा आहे. परवाना भारत सरकारच्या दळणवळण मंत्रालयाकडून मिळतो आणि त्यासाठी रेडिओचं शास्त्र व नियम यांची परीक्षा असते. वरच्या श्रेणीला मोर्सही लागतं, खालच्या श्रेणीला लागत नाही. परवाना हाती येईपर्यंत जवळच्या एखाद्या परवानाधारकाकडे जाऊन बसावं, कान तयार करावा.

मग एरियल. जंगलात झाडाला तार टांगून ज्यानं काम केलं, त्याला हे काय सांगायचं? चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी तांब्याच्या तारेचे सुमारे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे घ्या. मधे इन्सुलेटर घालून तिथून केबल खाली आणा आणि दोन्ही टोकं झाडाला किंवा खांबाला दोरीनं ताणून बांधा. विजेच्या तारांपासून मात्र लांब. दिवसा या पट्ट्यावर काही शे किलोमीटर बोलता येतं. रात्री आवाज त्याहून पुष्कळ दूर पोचतो.

कोणी म्हणेल, आता घरोघरी मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? २६ जानेवारी २००१ रोजी भूजला भूकंप झाला, टेलिफोन बंद पडले, तेव्हा हौशी रेडिओवाले आपापले सेट घेऊन तिथे गेले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट आली, त्या वेळी हौशी रेडिओवाल्यांची एक तुकडी छंदापायी पोर्ट ब्लेअरला आलेली होती. अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला तिचे सेट कामी आले. मोबाईलच्या टॉवरला वीज लागते. हौशी सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर, म्हणजे आपल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही चालतो. पण संकटाच्या दिवशी यंत्र असून भागत नाही, ते चालवणारा सरावातला माणूस लागतो. तहान लागल्यावर विहीर खणून कसं चालेल?

शेवटी शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. बारा वर्षं पुरी झालेल्या मुलालाही या परवान्याची परीक्षा देता येते. तुमच्या गावात असा कोणी जुना सिग्नलवाला असेल, तर त्याला एका शनिवारी शाळेत बोलवा. म्हणा, “सुभेदारसाहेब, पोरांना जरा मोर्स शिकवा.” मुलांना विज्ञान हाताळायला मिळेल, आणि त्या माणसाला आपली विद्या कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे याचं समाधान लाभेल. आणि उद्या नदीला पूर आला, रस्ता तुटला, तर गावाचा आवाज बाहेर नेणारा माणूस गावातच असेल.