सायकल : जुना साज आणि नवी घडण



मोठ्या शहरांतील एखाद्या सायकलच्या दुकानासमोर आज उभें राहिलें, तर कांचेआड दोन तऱ्हेच्या सायकली शेजारीं शेजारीं मांडलेल्या आढळतात. एक कार्बन तंतूंची, काळी आणि सपाट. तिच्या ब्रेकची वा गीअरची एकही तार बाहेर दिसत नाहीं. दुसरी जणूं कोणा आजोबांच्या फोटोंतून उतरून आलेली : तपकिरी सीट, चकाकणारे मडगार्ड, फुगीर दिवा, पितळी घंटी. गंमत अशी कीं, दोघींचा जन्म पुष्कळदां एकाच वर्षींचा असतो. दुसरीला जुन्याचा साज तेवढा चढविलेला असतो. हा साज कोणता, आणि जुन्या वस्तूंत जो खरा गुण होता तो कोणता, हें ओळखावें कसें, याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

या बाबतींत दोन पंथ पडले आहेत. एकास जुनें तेवढें सोनें वाटतें. दुसऱ्यास गेल्या वर्षींची वस्तुही शिळी वाटते. दोघेही डोळ्यांनींच निवाडा करतात, आणि सायकलीचा तर बहुतेक भाग डोळ्यांआड चालणारा! माझ्या मतें प्रत्येक भागास दोन प्रश्न विचारावे. तो आपलें काम कसें करतो, हा पहिला. आणि बिघडल्यास त्यास कोण, कोठें व काय साहित्य घेऊन दुरुस्त करणार, हा दुसरा.

सीटपासूनच आरंभ करूं. बर्मिंगहॅमच्या जॉन बूल्टबी ब्रुक्स यानें १८८२ सालीं कातडी सीटचें पेटंट घेतलें. त्याच्या नांवानें चालणाऱ्या कारखान्याची ‘बी १७’ ही सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजतागायत विक्रीस आहे. तिची रचना अगदीं साधी. जाड कातडें पुढच्या व मागच्या लोखंडामध्यें झोळीसारखें ताणून रिव्हेटांनीं पक्कें केलेलें असतें; नाकाशीं एक बोल्ट असतो, कातडें सैल पडल्यास तो किंचित् फिरवावयाचा. पहिले कांहीं शें मैल ही सीट लांकडाच्या पाटासारखी वाटते. मग बसणाऱ्याच्या हाडांच्या जागीं कातड्यास दोन उथळ खळगे पडतात, आणि तेथून पुढें ती सीट त्या एका माणसाची होऊन राहते. नवी कोल्हापुरी वाहाण पायास चावते आणि चार महिन्यांनीं पायाची ओळख पटल्यासारखी नरम होते, तसाच हा प्रकार. पावसाचें मात्र तिला वावडें आहे. भिजलेल्या कातड्यावर तसेंच बसून दूरचा प्रवास केला तर तें बेढब ताणतें, म्हणून पावसाळ्यांत तिला टोपी घालावी लागते.

आतां साजाची सीट पाहा. ती दुरून अगदीं तशीच दिसते. जवळ जाऊन बोट दाबलें कीं कळतें : वर तपकिरी रेक्झीन, खालीं स्पंज, त्याखालीं प्लॅस्टिकचा सांचा. कडेनें रिव्हेटांच्या टोप्या ओळीनें बसविलेल्या असतात, पण त्या कांहींच धरीत नाहींत. धरण्यासारखें तेथें कांहीं नसतें. रेक्झीन फाटलें कीं सीट टाकून द्यावयाची. मी स्पंजाच्या सीटला वाईट म्हणत नाहीं. रोज दोन मैल जाणारास ती पुरते आणि पावसास भीत नाहीं. परंतु तिनें खोटीं रिव्हेट मिरवून दुप्पट किंमत मागावी, हें मला पटत नाहीं.

गीअरची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि तेथें माझें मन नव्याकडे झुकतें, हें आधींच सांगून टाकतों. सांखळी एका दांतेरी चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकविणाऱ्या यंत्रास डिरेलर म्हणतात. आज तें यंत्र जुन्या अभिजात सायकलीचें भूषण मानलें जातें. पण १९३७ सालापर्यंत टूर द फ्रान्स या शर्यतींत त्यास मज्जाव होता, कारण खऱ्या मर्दानें एकाच गीअरवर डोंगर चढावा असें चालकांचें मत. आजचें सोवळें हें कालचें ओंवळें असतें, तें असें.

जुन्या पद्धतींत फ्रेमच्या तिरक्या नळीवर दोन लहान खटके असत. खटका ओढला कीं तार ताणली जाई आणि सांखळी सरके. तो किती ओढावा याची खूण कोठेंच नसे. सांखळी खरखरूं लागली तर कानानें ओळखून तो केंसभर मागें-पुढें करावा लागे, जसा तंबोऱ्याचा मणी सारून सूर लावावा तसा. चार आठवड्यांत हात बसे. दोष एवढाच कीं, त्यासाठीं हात हँडलवरून काढावा लागे, आणि चढावर ऐन दमलेल्या क्षणीं सांखळी भलत्याच चक्रावर जाई. पण या खटक्याचा एक गुण मोठा होता. मागें पांच चक्रें आहेत कीं आठ, तीं कोणत्या कारखान्याचीं आहेत, याची त्यास खबरही नसे. इटलींतील व्हिचेन्झा येथें तुलिओ काम्पान्योलो यानें १९३३ सालीं काढलेल्या कारखान्याच्या सूचीपत्रांत तर बारीक सारीक तुकड्यासही स्वतंत्र क्रमांक असे. एक स्प्रिंग तुटली तर एक स्प्रिंग मागवावी.

जपानांतील साकाई शहरच्या शिमानो कारखान्यानें १९८४ सालीं आपल्या ‘ड्युरा-एस’ संचांत खटक्यास ठराविक पायऱ्या दिल्या. एक ‘खट्ट’ म्हणजे बरोबर एक चक्र. कल्पना इतरांनींही पूर्वीं करून पाहिली होती. शिमानोचें यश यांत होतें कीं, त्यांनीं खटका, तार, तारेवरचें वेष्टण, डिरेलर आणि चक्रें हा सगळा संसार एकमेकांशीं जुळवून घडविला. डिरेलर तिरपा बसविण्याची युक्ति मात्र सनटूर या दुसऱ्या जपानी कारखान्याची, १९६४ सालची. तिच्या पेटंटची मुदत त्याच सुमारास संपली होती! १९९० सालीं शिमानोनें हा खटका ब्रेकच्या दांडीतच बसविला. आतां गीअर बदलण्यास हँडल सोडावें लागत नाहीं. भर रहदारींत दोन्ही हात हँडलवर राहणें हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि ज्यानें पाठीमागून येणाऱ्या मालमोटारीचा कर्णा ऐकला आहे त्यास याहून अधिक सांगणें नको.

याची किंमत कोठें द्यावी लागते? पायऱ्या आणि चक्रांमधलें अंतर हीं तंतोतंत जुळावीं लागतात. मागील चक्रें आठाचीं नऊ झालीं, मग दहा, अकरा, बारा. दरवेळीं अंतर घटलें आणि सांखळी अरुंद झाली. दहा चक्रांच्या संचांतील खटका तुटला आणि त्याचें उत्पादन थांबलेलें असलें, तर बारा चक्रांचा नवा खटका तेथें चालत नाहीं. त्याबरोबर डिरेलर, चक्रें आणि सांखळीही घ्यावी लागते. शिवाय ब्रेकच्या दांडींतील त्या यंत्राच्या पोटांत इतके बारीक दांते आणि स्प्रिंगा असतात कीं, आंतलें ग्रीस घट्ट झालें तरी तें रुसून बसतें, आणि तें उघडून दुरुस्त करावें अशी निर्मात्यांची बहुधा अपेक्षाच नसते. पण हा नवेपणाचा अटळ शाप आहे असें कोणी म्हणूं नये. काम्पान्योलोनें १९९२ सालीं आपला तशाच जातीचा खटका काढला तेव्हां तो उघडतां येत असे, आणि आंतले झिजलेले तुकडे सुटे विकत मिळत. नवें आणि दुरुस्तीयोग्य हीं दोन्हीं एकत्र नांदूं शकतात. नांदवावयाचीं कीं नाहीं, तें कारखान्याची पेढी ठरविते.

पायडलांचा आंस ज्या नळींत फिरतो तिची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण ती बोधप्रद आहे. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलींत पायडलची दांडी आंसावर कॉटर पिन ठोकून बसवीत. ती पिन सैल झाली कीं दर फेऱ्याला पायाखालीं ‘टक्’ होई. या पिनेची हळहळ जुन्याच्या कट्टर भक्तासही वाटत नाहीं. पण आंसाचे कप मात्र आट्यांनीं फ्रेममध्यें बसत, आणि तें उत्तम होतें. विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या संधीस कारखान्यांनीं आटे काढून टाकले आणि छऱ्यांचे कप नुसते दाबून बसविण्यास सुरुवात केली. वजन घटलें, घडणावळ स्वस्त झाली. पुढें असें दिसलें कीं, भोंक केंसभर जरी वेडेंवांकडें असलें तरी सायकल चढावर करकरूं लागते. हजारों रुपयांची सायकल आणि आवाज बैलगाडीचा! गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक नामांकित कारखाने मुकाट्यानें आट्यांकडे परतले आहेत. यांत साजशृंगाराचा लवलेश नव्हता.

टायरांचेंही तसेंच. पुष्कळ वर्षें शर्यतीचा टायर जितका अरुंद आणि टणक तितका वेगवान्, असें मानीत. तेवीस मिलिमीटर रुंदी हा जणूं धर्मच झाला होता. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उसळतो आणि त्या उसळण्यांत स्वाराची शक्ति वायां जाते, हें पुढें मोजून पाहिलें गेलें. आज मोठ्या शर्यतींतले स्वार अठ्ठावीस-तीस मिलिमीटरचे टायर कमी हवेवर वापरतात. फ्रान्समधील लांब पल्ल्याचे हौशी स्वार विसाव्या शतकाच्या मध्यास याहूनही रुंद टायरांवर खुशाल डोंगर ओलांडीत असत.

परंतु ब्रेकच्या बाबतींत मी जुन्याचा पक्ष मुळींच घेणार नाहीं. दांड्यांचा ब्रेक आणि क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम, ही जोडी दिसावयास फार देखणी. पुण्याच्या आषाढांत ती ज्यांनीं वापरली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, रिम ओली झाली म्हणजे ब्रेक दाबल्यावर सायकल थांबण्याचा विचार तेवढा करूं लागते. उतारावर चाक दोन-चार वेळां फिरून, पाणी पुसलें जाऊन, मग रबर धरूं लागणार. तोंवर चौक येतो. ॲल्युमिनियमच्या रिमनें हा दोष बराच घटविला, आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या चकतीच्या ब्रेकला तर रिम ओली आहे कीं कोरडी याच्याशीं कर्तव्यच नाहीं. जुन्या थाटाच्या नव्या सायकलीवर क्रोमची पोलादी रिम दिसली, तर मुलांना तीवरून शाळेंत धाडणाऱ्या घरानें ती घेऊं नये, असें मी स्पष्ट म्हणेन. तेलाच्या ब्रेकचें पथ्य मात्र पाळावें लागतें. कांहीं कारखान्यांचें तेल खनिज असतें, कांहींचें मोटारीच्या ब्रेकचें. एकाचें दुसऱ्यांत घातलें तर आंतलीं रबरें फुगून ब्रेक निकामी होतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेण्यापूर्वीं ब्रेकवर काय लिहिलें आहे तें वाचावें.

आणि दिवा? येथें जुनें आणि नवें यांचें लग्न खरोखर चांगलें लागलें आहे. टायरच्या कडेस घासणारा डायनॅमो पावसांत घसरे, आणि सायकल थांबली कीं दिवाही विझे. दिव्यावांचून पोलिसानें अडविल्याच्या आठवणी पुण्याच्या जुन्या घरांत अजून निघतात. आतांचा डायनॅमो चाकाच्या हबमध्येंच असतो. शक्ति तीच, सहा व्होल्ट आणि तीन वॉट, परंतु एल.ई.डी.मुळें उजेड कितीतरी अधिक, आणि सिग्नलपाशीं थांबलें तरी तो कांहीं वेळ टिकतो. त्यास बाहेरून जुना फुगीर आकार दिला तर माझी तक्रार नाहीं.

जुन्या भागांवर निष्ठेनें प्रेम करणारांचीही मला चेष्टा करावयाची नाहीं. इटलींत तोस्काना प्रांतांतील गायोले गांवीं १९९७ पासून ‘लेरोइका’ नांवाची सायकलफेरी निघते. तींत १९८७ सालच्या किंवा त्याआधींच्या घडणीच्या सायकली चालतात. खटके फ्रेमच्या नळीवर आणि ब्रेकच्या तारा बाहेर असाव्या लागतात. पांढऱ्या मुरमाड रस्त्यांवरून स्वार त्या सायकली घामाघूम होऊन हांकतात, कांचेच्या कपाटांत ठेवीत नाहींत. अमेरिकेंत ग्रँट पीटरसन यानें १९९४ सालीं रिव्हेंडेल नांवाचा व्यवसाय काढला. पोलादी फ्रेम, रुंद टायर, पायऱ्या नसलेले खटके, आणि सगळें नव्यानें घडविलेलें. त्याचीं सगळींच मतें मला मान्य नाहींत. पण त्याच्या खटक्याला तुम्ही वर सांगितलेला दुसरा प्रश्न विचारलात तर तो निरुत्तर होत नाहीं.

शेवटीं एका अशा भागाविषयीं बोलतों कीं, जो बाहेरून जवळ जवळ तसाच राहिला आणि आंतून सुधारला. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचें तीन गीअरचें हब प्रथम १९०२ सालीं बाजारांत आलें, आणि त्याचा ‘ए डब्ल्यू’ हा नमुना १९३० नंतरच्या दशकांत निघाला. मधला गीअर सरळ, खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा सव्वापटीहून थोडा अधिक. सगळीं चक्रें पोटांत, चिखलापासून दूर. त्याच्या कवचावर घडणीचें साल कोरलेलें असे. त्यामुळें पन्नास-साठ वर्षांचें हब हातीं आलें तर त्याचें वय विचारावें लागत नाहीं. त्यांत एक खोड होती. तार नीट लावलेली नसली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गीअरमध्यें एक पोकळ जागा लागे, आणि उभ्यानें पायडल मारणाराचा पाय एकदम खालीं जाई. २००० सालीं नॉटिंगहॅमचा कारखाना बंद पडला व त्याची यंत्रसामुग्री तैवानच्या सनरेस कारखान्याकडे गेली. तेथें आज जें तीन गीअरचें हब बनतें त्यांत ती पोकळ जागा ठेवलेली नाहीं. मात्र जुन्या हबच्या पोटावर तेल घालण्यासाठीं एक इवलें टोपण असे. महिन्यांतून एकदां तें उघडून चार थेंब सोडावे, एवढीच त्याची चाकरी. नव्या हबमध्यें ग्रीस भरलेलें असतें, आणि तें टोपण गेलें आहे.