खर्चाचा पंचनामा

आपत्तीनंतर सरकारी अंमलदाराचे पाऊल गावात पडते ते पंचनाम्यासाठी. पडलेली भिंत, खरडून गेलेली जमीन, मेलेले जनावर यांची मोजदाद तलाठी पंचांसमक्ष करतो, पंच सह्या-अंगठे करतात, आणि त्या साक्षीमुळेच त्या कागदाला सत्याचे मोल प्राप्त होते. परंतु त्याच हानीपोटी खजिन्यातून जी रक्कम पुढे खर्ची पडते तिला मात्र पंच नसतात, ही विसंगती मला फार चिंतेची वाटते.

घाईची निकड खोटी नव्हे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५० व्या कलमाने मदतकार्याच्या तातडीच्या खरेदीस निविदांचा नित्याचा दंडक माफ केला असून, नियंत्रक अधिकाऱ्याचा विनियोगाचा दाखला हाच हिशेबापुरता ग्राह्य कागद मानला आहे. पुरात छपरावर बसलेल्याने होडीसाठी निविदा उघडण्याची वाट पाहावी, असे कोण म्हणेल? पण जी तपासणी आधी माफ झाली ती मागाहून दुप्पट काटेकोरपणे करणे, हे त्या सवलतीचे ऋणच आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळापुढे येतो खरा. तथापि तो उशिरा येतो, आणि आपद्ग्रस्ताच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

हिशेब उंबऱ्यापर्यंत नेता येतो, याचा दाखला मात्र आपल्यापाशी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून निजलेल्या किल्लारीवर आणि तिच्या आसमंतावर भूकंपाचा घाला पडला व जवळजवळ ८,००० माणसे दगावली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादेकडे आणि भोवतालच्या मुलखात, ज्या लक्षावधी घरांची दुरुस्ती जागच्या जागी व्हावयाची होती, त्यांचे अनुदान घरमालकांच्या बँकखात्यांत हप्त्याहप्त्याने जमा झाले, आणि गावोगावच्या संवाद सहायक स्त्रियांनी त्याचे नियम घरोघरी समजावून सांगितले. ज्याला आपल्या हक्काची रक्कम ठाऊक असते, त्याच्या पदरात कमी माप घालणे कोणालाही सोपे जात नाही.

अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागताच प्रसिद्ध करावा, असे माहिती अधिकार कायद्याचे ४ थे कलम सांगतेच. तो तपशील चावडीच्या भिंतीवर, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम आणि तारीख यांसह, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावा. ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. हरकती नोंदवून त्यांचा निकाल तेथेच सांगावा. आणि ज्या पंचांनी भिंत पडल्याची साक्ष दिली, त्यांनाच ती पुन्हा उभी राहिल्याचीही साक्ष देऊ द्यावी.