कागदावाचून शाळा अडू नये
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी बँकेतून रजा टाकून सुप्याला यायचो. प्लास्टर ठोकून बघायचो, पाणी मारलं का विचारायचो. वाळूच्या ढिगापाशी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असायची. "शाळेत जातेस का गं?" एवढं मात्र मी तिला कधी विचारलं नाही. घराचं कर्ज फिटलं, हे राहिलं.

आज एमआयडीसीच्या आसपास पत्र्याच्या खोल्यांतून बाहेरगावची कुटुंबं राहतात. आईबाप कामावर जातात आणि थोरलं पोर धाकट्याला सांभाळतं. शाळेत घालायचं म्हटलं, तर आईबाप म्हणतात, "साहेब, दाखला गावाला राहिलाय."

बँकेत मी आयुष्यभर कागद मागितले. कागद मागितला की गरीब माणूस काउंटरवरून मुकाट्याने फिरतो, आणि पुन्हा येत नाही. पण १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सांगतो, की ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी अडवता येत नाही. मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागचा अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा. हे त्या आईबापांना सांगणारं कुणीतरी हवं.

नाव घातल्यावरही मूल टिकावं लागतं. १९८८ साली मुंबईत सुरू झालेल्या 'डोअर स्टेप स्कूल'ने वस्तीतच वर्ग भरवले, पुढे बसमध्येही शाळा चालवली. आपल्या नगरला 'स्नेहालय'ने झोपडपट्ट्यांत बालभवनं चालवली. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही.

आपला हॉल हळदीकुंकू आणि वार्षिक सभा सोडली तर कुलपात असतो. संध्याकाळी दोन तास तिथे अभ्यासवर्ग घेऊ. हा विषय सभेत पूर्वी दोनदा निघाला, आणि "जिन्यात गोंगाट होईल" म्हणून राहिला. तेव्हा मीही गप्प बसलो होतो. आपल्या नातवंडांचाही गोंगाट होतोच की!

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी एकेका सभासदाने एकेका मुलाबरोबर मुख्याध्यापकांकडे जावं. गणिताचा पहिला तास मी घेतो. समितीने हा विषय येत्या सभेत घ्यावा, ही विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र!